नऊ इंची

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. जिन्याखालचं दुकान.
मुनाफ एका उघड्या लॅपटॉपवर फुंकर मारत होता.
म्हटलं, पीसीसाठी वायफायचा अडॅप्टर दाखव,
एकच दांडी येते, तीही येऊन-जाऊन.
त्यानं किंमत नाही सांगितली. विचारलं,
राउटर आणि पीसीच्या मध्ये भिंती किती?

एक.
चार इंची की नऊ?
नऊ.
घराच्या आत कोण बांधतं नऊ इंची, शेठ?

आम्ही बांधली.
घणसोली गावठाणात, बाबांच्या तेराव्यानंतर दोन महिन्यांनी.
गवंड्याला मीच बजावलं होतं,
पलीकडचं खोकणंसुद्धा इकडे येता कामा नये.
सात दिवस पाणी मारलं तिला,
या अंगानं मी, त्या अंगानं पद्माकर,
वेळा वेगवेगळ्या.

मुनाफनं काचेवर तीन मांडले.
पहिला नखाएवढा. लावला की दिसतच नाही.
पकडतही नाही फारसं, तो म्हणाला.
दुसरा डब्याच्या आत बसणारा,
त्याच्या अँटेना मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या.
तिसऱ्याला दोन शिंगं आणि दीड मीटरची वायर.
हा न्या. हा हातात धरून फिरवता येतो, जागा शोधता येते.

दोन्ही बँड आहेत यात. पाचवाला जोरात पळतो,
पण भिंत आडवी आली की तिथंच बसतो.
दोन पॉइंट चारवाला रेंगाळत येतो,
पण येतो.
आमच्या दोघांतला पाचवाला कोण, ते मला ठाऊक होतं.

पिशवीत घालता घालता तो बोललाच:
स्वतःचं कनेक्शन का नाही घेत? चारशेत येतं महिन्याला.

आता हे दुकानात उभं राहून कसं सांगायचं.
कनेक्शन पद्माकरच्या नावावर. भिंतीच्या आधीचं.
पाच तारखेला अर्धे पैसे मी फोनवरून पाठवतो.
खाली मजकुराला जागा असते, ती रिकामी जाते.
पासवर्ड म्हणजे बाबांच्या होडीचं नाव, पुढे तिचा नंबर.
होडी कधीच विकली. पासवर्ड
नऊ वर्षांत त्यानं बदललेला नाही.
बदलला असता तर त्याच संध्याकाळी मला कळलं असतं.

अकराशे पन्नास. घासाघीस करून हजार ऐंशी.

रात्री रबाळ्याच्या एका शेडचं ड्रॉइंग पाठवायचं होतं,
साहेबांचे तीन फोन येऊन गेलेले.
शिंगं कपाटावर ठेवली. एक दांडी. कपाट लोखंडी.
खिडकीत ठेवली, दोन.
टेबल ओढत ओढत, वायर ताणत,
कॅलेंडरच्या खिळ्याखाली भिंतीला टेकवली.
चार.

चार. मी हात तसाच धरून राहिलो,
पाखरू बसल्यासारखा.
मग बोटानं प्लास्टर वाजवलं.
इथं दार होतं. सामान इकडचं तिकडे न्यायला
गवंड्यानं शेवटपर्यंत उघडं ठेवलेलं.
बुजवायच्या दिवशी विटा कमी पडल्या,
आणखी शंभर मागवायला दोघांपैकी कुणी पैसे काढेना.
तेवढी पट्टी चार इंची राहिली.

फाइल निम्मी वर गेली असेल,
तेव्हा पलीकडून आवाज आला. त्या पट्टीतूनच.
राउटर बंद करू का रं? निजाचं हाय.

वहिनीला म्हणत असेल, असं आधी वाटलं.
पण वहिनीला कुणी ‘रं’ म्हणत नाही.

पडद्यावर एक आकडा होता. तोच वाचला,
जरा मोठ्यानं, कॅलेंडरकडे बघत:
अकरा मिनिटं.

उत्तर नाही. कसलीशी खुर्ची सरकली.
ड्रॉइंग गेलं. साहेबांचा अंगठा आला.
मी अडॅप्टर तसाच धरून बसलो होतो, कारण नसताना,
चौदाव्या मिनिटाला
चारही दांड्या एकदम विझेपर्यंत.