पाठ नसलेला

त्याचं नाव मुकाई. यादीत एकशे त्र्याऐंशीवा.
खेळातल्या मिठागरापाशी सापडायचा,
होडीचं तिकीटघर बंद झाल्यावर,
आणि तेही रोज नाही.
रंग वाटाण्याच्या सालीचा, कान एकच,
पाय किती ते गवतामुळे कळायचं नाही.
माहितीच्या चौकटीत दोनच शब्द: हा बघतो.

बाकीचे सगळे आमच्याकडे पाठ करून लढत.
खेळाची रीतच ती. शत्रूचं तोंड दिसायचं,
आपल्या प्राण्याची पाठ:
पिसांची, खवल्यांची, ज्वाळा फुटलेली,
आणि तिच्याआडून आपण हुकूम सोडायचे.
मुकाई मैदानात उतरला की
शत्रूला सोडून आमच्याकडेच तोंड करायचा.
मागून फटके बसत.
तो डोळे मिटायचा, उघडायचा,
पुन्हा आमच्याकडे.

हाचिनोहेतली पोरं त्याला अपशकुनी म्हणत.
ओइकावांच्या मुलाने दोन बेडकांच्या बदल्यात
देऊनच टाकला तो,
वर एक लिंबाची गोळीही दिली,
माझ्या पाठच्या भावाला, तेप्पेईला.

तेप्पेई सात वर्षांचा. सगळी यादी पाठ,
पाढे सोडून.
त्या हिवाळ्यात कोतात्सूच्या रजईत कमरेपर्यंत शिरून
तो मुकाईला वाढवत बसला, हरत हरत.
शंभराव्या पायरीवर तो वळतो, असं कुणीतरी सांगितलेलं.
मी म्हणायचे, वळून करणार काय?
तो म्हणायचा, मग कळेल ना, मागे काय आहे ते.

वडील तेव्हा टोकियोत बोगदा खणत होते.
नोव्हेंबरात जायचे, एप्रिलात यायचे.
आम्हाला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा पाठ नीट आठवायची:
करडं जाकीट, त्यावर कंपनीचं अर्धं उसवलेलं नाव,
बर्फातून बसथांब्याकडे जाणारी, न वळणारी.
मागे बघितलं तर पाय निघत नाही माणसाचा,
आई म्हणायची. पाठराखण करायची त्यांची,
माकूल सोलता सोलता,
काळ्या बोटांनी.

फेब्रुवारीत एका रात्री शंभर भरले.
वाजंत्री वाजली, एवढीशी, पत्र्याच्या डब्यातली.
मुकाई वळला नाही.
तेप्पेई रडलाबिडला नाही. यंत्र बंद केलं
आणि मुळ्याचं सूप दोनदा मागून घेतलं.

पुष्कळ वर्षांनी सेन्दाईच्या एका सभागृहात
कुरामोची इत्सुए नावाच्या बाई बोलल्या.
त्यांनीच तो काढलेला, ठिपका ठिपका जोडून.
म्हणाल्या, कॅसेटमध्ये जागा संपली होती.
पाठ काढण्याइतकी उरली नव्हती.
साहेब म्हणाले, मग प्राणीच काढून टाका.
मी म्हटलं, पुढचंच चित्र मागे लावते,
कुणाच्या लक्षात यायचं नाही.
लोक हसले. मीही हसले,
आणि उगाच नाक पुसत बसले.

तेप्पेई आता तोमाकोमाईच्या बोटीवर दोर सांभाळतो.
फोन करून सांगितलं, अरे, मागे काही नव्हतंच.
बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज.
मग म्हणाला, म्हणजे दोन्हीकडून तोंडच.
म्हणजे ज्याने मारलं
त्याच्याकडेही तो बघतच होता.
मला यावर काही सुचलं नाही.
तिकडे थंडी आहे का, ते विचारलं.

कॅसेटमधली बॅटरी कधीच मेली.
शंभर पायऱ्या गेल्या, बेडूक गेले, तिकीटघर गेलं.
ती माझ्या शिवणाच्या डब्यात असते, बटणांखाली.
वडिलांना यातलं काही माहीत नाही.
आता घरीच असतात, सकाळी दारातला बर्फ ओढतात.
काल मी चहा घेऊन त्यांच्या मागे उभी होते.
हाक मारणार होते,
फावड्याचा आवाज थांबला की.