खुर्च्यांचं माप

ओलेगार बाबांनी मला बोलावलं ते खुर्च्यांसाठी.
पणजीत, मळ्याच्या उतरणीवर,
खाली बंद पडलेलं सोड्याचं दुकान, वर ते एकटे.
बत्तीस वर्षं बोटीवर काढलेली,
दुसऱ्यांच्या सिगार पेटवून देण्यात.
म्हणाले, चारी, एक खोली करायचीय,
लोक लाउंज म्हणतात, तू बैठक म्हण.

मी विचारलं, माप?
म्हणाले, एक सिगार.
म्हणजे?
म्हणजे ती संपेपर्यंत, पाऊण तास,
माणसाला आपल्या ढुंगणाची आठवण होता कामा नये.

मी आयुष्यभर देव्हारे केले, शवपेट्या केल्या,
दोन्हींत बसवलेल्यांची कधी तक्रार आली नाही.
लाकडात वेळ बसवून मागणारं
हे पहिलंच गिऱ्हाईक.

सागवान नको म्हणाले, फार मिरवतं.
फणस घेतला. तो पिवळा जन्मतो
आणि हात लागून लागून तपकिरी होतो.
हाताखालची फळी बशीएवढी रुंद,
राखेचं भांडं दगडी, कोपर लागलं तरी न हलणारं.
खिडक्यांना जुन्या शिंपल्या पुन्हा बसवल्या,
ऊन आत येतं त्यातून,
आतला चेहरा बाहेर जात नाही.
धुराला वर एक झरोका, मुद्दाम लहान.
धूर हाकलायचा नाही, म्हणाले,
पाहुण्यासारखा दारापर्यंत पोचवायचा.

पेटीवरून मात्र आमचं वाजलं.
पुस्तकात होतं, आत पाणी ठेवा, पान सुकत नाही.
ते लिहिणारा आषाढात इथं राहिला नसणार.
इथं मिठाला पाझर फुटतो,
काडेपेटी ओढली की गुल तेवढा बोटाला लागतो,
कपाटातल्या कोटाला मिशा येतात.
इथं पाणी घालायचं नसतं, काढायचं असतं.
शेवटी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली.
रोज सकाळी ते एक सिगार दोन बोटांत धरून
हलकेच दाबत,
मानकुराद बघावा तशी.

उघडल्यावर आठवडाभर नुसते सल्ले आले.
एकाला भिंतीवर फुटबॉल हवा होता,
एकाला वर्गणी आणि सोनेरी कार्ड.
एक तरुण आला, न पेटवलेली सिगार तोंडात धरून
स्वतःचे अकरा फोटो काढले
आणि ती परत देऊ लागला.
ओलेगार बाब सगळ्यांना हो म्हणाले,
केलं काहीच नाही.

मग एका दुपारी रुझालिन, रिकामी पाटी घेऊन,
रोजच्यासारखी पायरीवर टेकली.
कमरेच्या पिशवीतून धुमटी काढली,
फणसाच्या पानात वळलेली,
पेटवली, आणि जळतं टोक तोंडात घेतलं,
आमच्याकडच्या जुन्या बायका घेतात तसं.
बाब म्हणाले, आत ये.
ती म्हणाली, मासळीचा वास येईल.
ते म्हणाले, इथं कोणाला कळणाराय?

फणसाचं पान फणसाच्या खुर्चीत बसलं.
तिघं होतो आम्ही. कोणी बोललं नाही.
तिच्या मिटल्या तोंडात कुठेतरी विस्तव होता
आणि बाहेर फक्त थोडासा धूर,
बंद घरात चूल पेटलेली असावी तसा.
धुमटी संपली. ती उठायला गेली,
परत बसली. परत उठली.
“कदेल बरें जालां, मेस्ता,
पूण उठपाक जायना. दोन बोटां वयर काड.”

मी बसण्याचं माप घेतलं होतं,
उठण्याचं विसरलो होतो.
त्या रात्री सहाही खुर्च्यांना खाली ठोकळे मारले.
वाकून पाहिलंत तर दिसतील,
रंग जरा वेगळा आहे.

माझे निम्मे पैसे अजून यायचेत.
दर शनिवारी मागायला जातो.
बाब खुर्ची दाखवतात.
पाऊण तासानं सहज उठतो,
झरीपर्यंत चालत येतो,
आणि तिथं आठवतं.