काळी पाच

विजापूर वेशीत दुकान आहे, पाटी नाही.
विचारत येतात लोक,
ती क्लॅरोनेटवाली पोरगी कुठं बसते?
पोरगी आता एकावन्नची आहे.

आज लाडलेसाब मास्तरांनी टेबलावर ठेवली
ती काळी पाच. बँडमधली नेहमीची,
सायबाच्या भाषेत बी-फ्लॅट.
एबोनाइटची, पाठीवर हिरवट पडलेली,
पंचवीस वर्षं वरातीपुढं उन्हात चालून.
लाकडाची असती तर एका मे महिन्यात
डोक्यापासून तडकली असती.
पत्र्याचीही होती त्यांच्याकडं एक.
अक्कलकोटला भर दुपारचा मुहूर्त,
नवरदेव घोड्यावर,
आणि मास्तर बोटं फुंकत उभे.

सांध्याला कॉर्क लावतात म्हणे बाहेर.
मी दोरा गुंडाळते, मेण चोळून.
शेजारच्या दासरींच्या मागावरचा, लाल,
चादरीच्या काठातून उरलेला.

वरच्या फळीवर काळी दोन आहे. वीतभर जास्त, बस्स.
तिला आम्ही चिमणी म्हणतो.
बाकीचे सगळे चुकले तरी ढोलाखाली झाकतं,
ही चुकली की अख्ख्या साखर पेठेला कळतं.

तिच्यामागं पांढरी सहा.
जोडीनं आली होती, जोडीदारीण विकली गेली.
हिला वाजवायचं असं गावात काही नाही.
महिन्याकाठी तेल देते,
दामट्या दाबून बघते, उघडतात का.

आणि खर्जाची, छत्रीच्या मुठीसारख्या मानेची,
ती मी फक्त कॅटलॉगात पाहिली.
अप्पांनी त्या पानाचा कोपरा दुमडलेला.
किंमत पेन्सिलीनं खोडलेली,
खाली स्वतःचा पगार लिहिलेला,
मग तोही खोडलेला.

अप्पा गिरणीत जॉबर, संध्याकाळी इथं.
त्यांचा सूर भोंग्याला लावलेला.
पहाटेचा भोंगा म्हणजे काळी पाच,
थंडीत केसभर खाली.
तेवढ्यात ते बॅरल ओढून, दाबून,
पाळीवर निघायच्या आत वाद्य जुळवायचे.
भोंगा थांबला त्या सकाळी
ते बॅरल हातात धरून बसून राहिले.
नंतर पेटी आणली.
तिच्यावर काही विश्वास बसला नाही त्यांचा.

मास्तर चहा बशीत ओततात.
"कीबोर्डवाला पोरगा म्हणतोय,
उतरतंय की ओ मास्तर तुमचं.
मोबाइलात काटा दाखवतोय मला."

मी फुंकून बघते. उतरतंय.
अप्पांच्या हातून गेलेलं जे जे वाद्य
दुरुस्तीला आलंय माझ्याकडं
ते सगळं एवढंच उतरलेलं आहे,
बरोबर एवढंच.
मी कुणाला बोलले नव्हते.

"दुसरं बॅरल बसवू का? हे ठेवू असंच?"
"कशाला दोन दोन. घास की."

मग घासते. दीड मिलिमीटर.
काळा भुगा ओढणीवर, नखांत,
जळक्या रबराचा वास,
समोरून यंत्रमागाची खटखट.
सांधा बसतो. दोरा नवा घालावा लागतो.

मास्तर रीड जिभेवर भिजवतात, डोळे मिटून लावतात.
मोबाइलातला काटा सरळ उभा.
मी म्हणते, "लागला."
ते पुन्हा फुंकतात. पुन्हा.
वाद्य मांडीवर ठेवतात.

"लागलाय," म्हणतात,
"पण चुकल्यावानी वाटतंय बघ."
साठ रुपये ठेवतात, सुटे,
आणि पायरीवर चप्पल शोधत
थोडा वेळ उभे राहतात.