हातचा

मनामात हिशेब दशांशानंतर तीन घरं चालतो.
दिनार, मग टिंब, मग फिल्स.
नवा माणूस पहिला महिनाभर तिसरं घर विसरतो.
विश्राम टेमकर कधीच विसरला नाही.

दोन हजार तीनशे शेहेचाळीस टिंब सातशे पन्नास.
चौदा महिन्यांत, रोख पेटीतून,
आणि वहीत एक खाडाखोड नाही.
अक्षर असं की मी दोनदा शाबासकी दिली होती.

सापडलं ते माझ्यामुळे.
एका गुरुवारी डिझेलची पावती हाती लागली,
आणि ज्या ट्रकची ती पावती
तो तीन आठवडे गॅरेजात उभा होता.
बस्स, एवढाच धागा.
मी ओढला. ओढणं हे माझं काम आहे.

विचारलं तेव्हा त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.
अर्धे बहिणीच्या ऑपरेशनला, म्हणाला.
आणि उरलेले?
तो टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिला.
मनगटावर घड्याळ होतं, ते मी पाहिलं.
म्हणून त्याला देवमाणूस करू नका.
मीही करत नाही.

दोन वर्षं. मग विमान.
मधे एकदा काचेपलीकडे भेटला,
विचारलं काय, तर
कॅशच्या खोलीतला पंखा अजून कटकटतो का?
मी हो म्हणालो.
खरं तर तिथं आता एसी आहे
आणि पेटीला दोन किल्ल्या, दोन्ही माझ्याकडे.

त्याच वर्षी
एकोणतीस फिटरांची ग्रॅच्युइटी
महिन्याच्या दिवसांत अशी काही बसवली गेली
की माणशी ऐंशी-नव्वद दिनार कमी भरले.
सूत्र वरून आलं होतं. तक्ता माझा,
तिसऱ्या घरापर्यंत अचूक.
गुणाकार करून बघा.
मी केलाय.
पोलीस आले नाहीत, येतील कशाला,
मला पन्नासची वाढ मिळाली
आणि खजुराचा एक डबा.

चोरी ती चोरी. शिक्षा व्हायलाच हवी होती,
हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.
न्यायाधीशानं दोन वर्षं सांगितली,
यानं दोन वर्षं भरली, खातं बंद.
पण शाळेत गुरुजी शिकवायचे ना,
सात नि आठ पंधरा,
पंधराचे पाच, हातचा एक,
आणि तो एक शेजारच्या घरावर बारीक लिहायचा.
निकालपत्रात तो कुठं लिहिलेला नसतो.

विमानतळावरच्या यंत्राला त्याची दहाही बोटं पाठ आहेत.
ओल्या स्पंजावर टेकून
दहाच्या नोटांचं बंडल एका दमात मोजणारा
तो अंगठासुद्धा.

गुहागरजवळच्या गावात उत्सव असतो.
मंडप विश्राम बांधतो, पंगत विश्राम वाढतो,
रात्री भांडी मोजून परत करतो.
भांडी चालतात.
पावतीपुस्तक तेवढं कोणी पुढं करत नाही,
कोणी तसं बोलतही नाही.

दुकानातून आलेली मोड
बायको फळीवर ठेवते
आणि हा आंघोळीला गेला की मोजते.
बादलीत पाणी पडत असतं,
तरी ऐकू येतं.
त्यानंच सांगितलं फोनवर, हसत,
अहो, नाणं कसं वाजतं ते कॅशियरला नाही कळणार?

मला काही सुचलं नाही.
पावसाचं विचारलं, बहिणीचं विचारलं.
बहीण बरी आहे, म्हणाला. बोलत नाही माझ्याशी.

फोन ठेवला. महिनाअखेर होती.
तेरीज मी अजून कागदावर करतो, जुनी खोड.
ताळा पटेना.
साडेअकरा वाजले, खाली इराण्याची बेकरीही मिटली,
मग दिसला दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर
माझ्याच हातानं बारीक लिहिलेला
एक,
जो मिळवायला मी विसरलो होतो.