श्वास कुठे घ्यायचा

आज सौना पेटवलेला नाही.
वाफेऐवजी माझाच श्वास दिसतोय,
आणि पाण्याची पळी टांगायच्या खुंटीला
शेजारच्या एल्यासचा मायक्रोफोन लटकतोय,
त्यावर माझा लोकरी मोजा. धुतलेला.
लाकूड आवाज पिऊन टाकतं, म्हणाला पोरगा,
स्टुडिओत पैसे घालवू नका, वेइयो काका.

इसाल्मीत मार्च म्हणजे हिवाळाच.
मी बर्फाचा नांगर चालवतो, एकतीस वर्षं.
गायचं ते केबिनमध्ये, इंजिनाच्या आडोशाला,
बेसूर झालो तरी
साक्षीला फक्त वायपर.

आणि गाणं तरी कुठलं निवडलं!
तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपात
शेवटी दिवे मंद करतात ते याच्यासाठी.
मयतानंतरच्या कॉफीलाही कुणीतरी हेच गुणगुणतं,
साखर ढवळता ढवळता.
तो गायक गायला आणि जाताना
दार ओढून घेऊन गेला.
मी कोण ते ढकलणारा?
लोक हसणार नाहीत. आमच्याकडे हसत नाहीत,
नुसते बुटांकडे बघतात.
ते जास्त लागतं.

तिसऱ्या खेपेला फ्रिज घुरघुरला,
घरात जाऊन बंद करून आलो.
पाचव्या खेपेला कुत्री, तिची नखं, फळ्यांवर.
सातव्याला कसलाच अडथळा नव्हता,
फक्त मी होतो,
आणि ते सगळ्यात वाईट निघालं.
हेडफोन लावून ऐकलं तर
दुसऱ्याचा कोट घालून आलेला एक म्हातारा,
बाह्या बोटांच्या खाली.
त्याचा कंप मी घेतला होता, त्याची ती किंचित ओढलेली अक्षरं,
इतकंच काय, त्याचे श्वासही.
चाळीस वर्षं ऐकून ऐकून
कुठे थांबायचं तेसुद्धा मी त्याच्याकडूनच शिकलो होतो.

दुसऱ्या कडव्यात ती ओळ आहे, होडीची.
तो गातो,
दोरी सोडली,
मग श्वास,
मग, तुझ्यासाठी थांबलो.
होडी मोकळी, तळं समोर,
आणि हा वल्ही धरून वाट बघतोय तिची.
मंडपात याच जागी लोक एकमेकांना जवळ ओढतात.

अकराव्या खेपेला हात गारठले होते.
आता बास, मोजा काढायचा, मायक्रोफोन परत द्यायचा,
सांगायचं घसा बसला,
असं मनाशी ठरवूनच गायला लागलो,
म्हणजे लक्ष नव्हतंच.
त्याच्या जागी श्वास घ्यायचा राहिला.
छाती रिकामी होत चालली, डिझेलवर पोसलेली छाती,
तरी रेटत नेलं,

दोरी सोडली तुझ्यासाठी,

आणि तिथे संपलो.
फळ्या गप्प. बाहेर छपरावरून बर्फाचा एक गठ्ठा घसरला.
मग उरलेला तो एकच शब्द,
जवळजवळ बोललोच,

थांबलो.

केर्त्तू गेली त्या पहाटे रस्ता बंद होता.
तिच्या बहिणीची गाडी फाटकाशीच रुतलेली.
मीच नांगर काढला.
स्टेशनपर्यंत अठरा किलोमीटर
मी पुढे, बर्फ बाजूला सारत,
त्या दोघी माझ्या मागे, दिवे लावून.
आरशात ते दिवे सारखे दिसत होते.
वेग कमी करायची माझी हिंमत झाली नाही.
ती फलाटावर गेली तेव्हा मी खाली उतरलो नाही,
इंजिन चालू होतं.

पुढचं कडवं कसं गायलो, आठवत नाही.
ऐकलं तेव्हा 'तुझ्यासाठी' चक्क खाली उतरलेलं,
कुणी कानसेन असेल तर दातांखाली खडा येईल त्याच्या.
पण बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या.

बाराव्यांदा गायलो नाही.
एल्यास उद्या विचारेल, काका, मधेच श्वास चुकला का?
आणि मी म्हणेन, हो.
किंवा म्हणेन, कॉफी घे.

घरात आलो तर फ्रिज तसाच बंद.
पेर्चचे सगळे तुकडे पाघळलेले, फरशीवर पाणी,
आणि कुत्री त्या पाण्याच्या कडेला
शहाण्यासारखी बसून,
मी कधी वाकतो याची वाट बघत.