कोट

मिंदेलोच्या आमच्या घरात एक लोकरी कोट आहे.
या बेटावर कोट लागत नाही कुणाला,
वारा इथला कोरडा, वाळवंटाची धूळ घेऊन येणारा.
तरी दाराआड खुंटीवर टांगलेला,
पन्नास वर्षं.

हर्मिनियूमामाला तो रॉटरडॅमला मिळाला.
जहाजावरून उतरला तेव्हा अंगात सुती सदरा,
बगलेत काव्हाकिन्यू, चार तारांचं,
आणि डोक्यात एक चाल,
भर समुद्रात बटाटे सोलता सोलता जमलेली.
रेकॉर्ड काढणाऱ्या माणसानं ती दोनदा ऐकली
आणि म्हणाला, अरे, तू तर कुडकुडतोयस.
कोट. तीनशे गिल्डर. गरम सूप.
मग डच भाषेतला एक कागद.
“बोटं उबली होती,” मामा सांगतो,
“त्यामुळे सही झकास आली.”

चाल मग एकटीच फिरली.
लिस्बनच्या विमानात पट्टे बांधताना वाजते,
डाकारच्या हॉटेलात लिफ्टमध्ये,
साबणाच्या एका जाहिरातीत, जिथं मुलं
पांढऱ्या चादरींमधून पळत सुटतात.
गेल्या कार्निव्हलला आमच्याच मंडळाला
ती वाजवायची म्हणून पैसे भरावे लागले.
मंडळाचा खजिनदार मामा.
त्यानंच भरले.
पावती नीट घडी करून ठेवली.

मी मासळीच्या कारखान्यात हिशेब लिहिते:
ट्यूना किती आला, किती डब्यात गेला,
बर्फाचं वजन कुणाच्या माथी.
रात्री वाजवते.
लोक म्हणतात, झुलमिरा, कलावंतानं आकड्यांत पडू नये,
बोटं जड होतात.
असं म्हणणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत,
नोटा मोजताना.
काय हात चालतो एकेकाचा!

परवा मलाही कागद आला. सोळा पानं.
मामा म्हणाला, मोठ्यानं वाच, आपल्या क्रिओलमध्ये.
डोळे मिटून बसला,
टेबलावर एका बोटानं ठेका.
नाव, पत्ता, तारीख. ठेका चालू.
पाचव्या पानावर “खर्च वजा जाता”,
बोट थांबलं.
“पुन्हा घे. कुणाचा खर्च?”
लिहिलेलं नाही.
“मग तार सैल आहे. खूण कर.”
नवव्यावर “आज असलेल्या आणि पुढे शोध लागेल
त्या सर्व माध्यमांत”,
मामा खो खो हसला.
“ज्याचा शोधच नाही तेही यांचं?
आमच्या वेळी एवढी हाव नव्हती.
किंवा असेल. डचमध्ये असेल.”

अकराव्यावर “कायमस्वरूपी”.
हसला नाही.
डचमध्ये याला काय म्हणतात, म्हणाला.
मी शोधून सांगितलं. लांबलचक शब्द.
त्यानं तो तोंडात घोळवला,
माशाचा काटा जिभेनं चाचपावा तसा.
“हाच. कागदावर खाली हाच होता.
मला वाटलं, कोटवाल्या दुकानाचं नाव.”

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
केसाएवढी उतरलेली तार
गल्लीच्या पलीकडून ओळखणारा हा माणूस.
त्याला कुणी ऐकवलंच नव्हतं.

सात खुणा करून कागद मी परत पाठवला.
तीन आठवडे झाले, उत्तर नाही.
येणारही नाही कदाचित.
आई बोलत नाही माझ्याशी; हाता-तोंडाशी आलेला घास, म्हणते.
शनिवारी खानावळीत वाजवायला बसले
तर मामा दाराशी स्टूल टाकून,
आत येणारी माणसं मोजत.
एकसष्ट.
मालक म्हणाला पन्नास.
मामा म्हणाला, चल, पुन्हा मोजू.

कोट मात्र टाकू देत नाही.
“उबदार होता गं. खोटं कशाला बोलू?”

काल घरात कुणी नसताना
झटकायला म्हणून काढला, अंगात घातला.
माझ्या मापानं बेतल्यासारखा बसला.
मी बटणं लावली नाहीत.