दोष क्रमांक २२१७

युजीन, ऑरेगन. डिसेंबरातली रात्रपाळी.
फर्निचरच्या जुन्या दुकानाचा वरचा मजला,
अकरा संगणक, आठ खुर्च्या
आणि एक हीटर, जो फक्त खिडकीला ऊब देतो.
व्हर्ना ऑक्विस्ट, वय बेचाळीस,
पूर्वी लाकडाच्या वखारीत फळ्यांमधल्या गाठी शोधायची,
आता खेळातल्या चुका शोधते.
काम तेच, म्हणते. नजर हवी.

मोहीम सहावी.
बर्फाळ चंद्रामागून शत्रूची गलबतं निघतात.
डाव्या पंखाशी बगळा-तीन,
चित्रपटातला तोच, कानाशी तोच घोगरा आवाज:
"आहे मी. तू पुढे बघ."
आणि तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी
त्याच्या विमानाचा नारिंगी फुगा होतो.

व्हायलाच हवा.
पहिल्या चित्रपटात तो मेला म्हणून दुसऱ्यात नायक पेटून उठला,
तिसऱ्याची तर जाहिरात लागलीये बसथांब्यावर.
एवढ्याशा मरणावर किती काय उभं:
टोप्या, जेवणाचे डबे, उशांचे अभ्रे.
दर शुक्रवारी चित्रपटवाल्यांचा माणूस येतो जाड फाइल घेऊन,
पंखावरची पट्टी चार बोटं की पाच ते बघतो,
बगळा-तीन वेळेवर मरतो ना, विचारतो,
आणि डोनटला हात न लावता जातो.

आमच्याकडे सटवाई लिहिते, सहाव्या रात्री, कपाळावर.
इथे मॉर्टेन लिहितो,
चोवीस वर्षांचा, नखं खाणारा.
दोघांचंही अक्षर पुसलं जात नाही.

व्हर्नाने ती मोहीम दोनशे सहा वेळा उडवली.
क्षेपणास्त्राच्या आड स्वतः गेली;
ते तिच्यातून आरपार गेलं, जणू ती नव्हतीच.
सगळे शत्रू आधीच पाडले;
तरी रिकाम्या आकाशातून एक आलंच,
कुणीही न झाडलेलं.
ते तिला फार लागलं.
"मारणारा तरी असू दे रे," स्क्रीनला म्हणाली.

गुरुवारी, पहाटे तीनच्या सुमारास,
खालून ओंडक्यांचे ट्रक जात होते,
ती सूर्यफुलाच्या बिया सोलत होती,
हात जॉयस्टिकवरून सुटला.
विमान भरकटलं चंद्रापलीकडे, नकाशाच्या कडेला,
जिथे तारे काढायचे राहूनच गेलेत.
बगळा-तीन मागोमाग आला.
त्याला तेवढंच येतं.
एकही गोळी न झाडता अकरा मिनिटं.
क्षेपणास्त्र आलं, कडेशी घुटमळलं,
आणि चुकीच्या गल्लीत शिरलेल्या पोस्टमनसारखं
मान खाली घालून परत गेलं.

काळ आला होता.
वेळ लिहायचीच राहिली होती कुणाकडून तरी.

मग काही नाही.
इथून पुढचं वाक्य
त्या नटाकडून कुणी बोलूनच घेतलं नव्हतं.
तो नुसता उडत राहिला डावीकडे, नाक किंचित वर,
पंखावर साडेचार बोटं पट्टी.
"आहेस ना?"
खरखर.
व्हर्नाने बियांचा कागदी पेला
टेबलावर डावीकडे सरकवला.

सहाला मी बदलीवर आलो तेव्हा दोघं अजून उडत होती.

तिने फॉर्म भरला, रीतसर.
काय व्हायला हवं: वैमानिक मरतो.
काय होतं: मरत नाही.
गांभीर्य: 'किरकोळ' लिहिलं, खोडलं, रकाना कोराच सोडला.
पुन्हा करून दाखवता येईल का:
इथे पेन इतकं थांबलं
की शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग, 'नाही.'

मार्चमध्ये खेळ दुकानांत लागला.
खोक्यावर बगळा-तीनचंच चित्र, पेटलेलं.
वखारीतही एकदा असंच केलं होतं, ती म्हणाली,
खोक्याची कड नखाने कुरतडत:
गाठ होती फळीत, चांगली मुठीएवढी, मधाच्या रंगाची.
पुढे जाऊ दिली.
कुणाच्या तरी घरात असेल ती आता,
जिन्यात, नाहीतर पाळण्याला.